टाचलेली डबी

रोदेलियो वरच्या मजल्यांवर खोल्या आवरतो.
सफरीच्या शेवटच्या रात्री
आमच्या दोन फळ्यांच्या केबिनमध्ये येऊन
तो बिछान्यावर खिसे उलटे करतो:
लाकूडवासाचा साबण, फ्रिजला लावायचा चुंबकाचा अस्वल,
दहा डॉलरची एक नोट, पाचाच्या दोन,
लोकरीचे मोजे (त्याच्या इलोइलोत मोजे लागतात कुणाला),
अर्धं सोडवलेलं शब्दकोडं,
आणि कुणाच्या तरी पोरीने काढलेलं चित्र:
टॉवेलचा हत्ती, खाली त्याचं नाव,
एक अक्षर चुकलेलं.
नोटा मोज्यात जातात. चित्र उशीखाली.

मग विचारतो, तुला काय मिळालं, दारविस?
आणि लगेच जीभ चावतो.

आम्ही पाण्याच्या रेषेखाली.
हिमनदी आली की वर घोषणा होते,
सगळे एका कठड्याकडे धावतात.
आम्हाला ती
हँगरला टांगलेल्या सदऱ्यांच्या झुकण्यावरून कळते,
किंवा तसं आपलं आम्ही म्हणतो.

लोक कपडे पिशवीत टाकतात
आणि पिशवीच ते धुऊन आणते.
खिशांतून निघतं ते विसरलेलं:
कॅसिनोचं नाणं, दाढेची टोपी,
एकदा लग्नाची अंगठी.
सगळं वहीत लिहायचं. नियम आहे.
चांगला नियम आहे, माझी तक्रार नाही.

स्कॅगवे सुटलं त्या संध्याकाळी
७११४ ची पिशवी आली.
तळाशी निळा सदरा, बाईमाणसाचा,
कॉलर धुऊन धुऊन मऊ पडलेली,
आणि कॉलरला आतून
सेफ्टीपिनने टाचलेली पुरचुंडी.
पुरचुंडीत पत्र्याची डबी,
डबीत मेणाचं मलम, कोवळ्या सूचिपर्णाचा वास.
चिठ्ठीत ताठ, उभं अक्षर:
"इस्त्री करणाऱ्यास.
मनगटाच्या आतल्या बाजूला लावा, तिथेच भाजतं.
ग्रिम्सबीच्या इस्पितळात
मी एकतीस वर्षं चादरी दाबल्या."

मी मनगट उलटं केलं.
तिथेच होतं.

ग्राझिना आमची मुकादम.
तिने वही उघडली, पेनाचं टोपण दातांत धरलं,
"सापडलं: डबी, एक" एवढं लिहिलं
आणि पिन बोटांत फिरवत बसली.
म्हणाली, विसरलेल्या वस्तूला कुणी टाचत नाही.
ओळ खोडली.
त्या वहीत खाडाखोड चालत नाही,
म्हणून शेजारी सही केली, तारीख घातली,
आणि वाफेच्या यंत्राकडे बघून उगाच ओरडली.

सदऱ्याचं तिसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.
निळा दोरा संपलेला. हिरव्याने शिवलं.
गाठ घातली ती बापाची, जाळ्याची,
पारियामानच्या किनाऱ्यावर सात वर्षांच्या पोराला येते ती;
सुटत नाही, कापावी लागते.
बिलात लावली नाही.
चिठ्ठी लिहावी असं वाटलं होतं.
तीन वेळा कागद घेतला.
"बाई" लिहावं की "मॅडम", इथेच अडलो.

व्हँकुव्हरला सामान उतरवायला माणसं कमी पडली,
मला वर बोलावलं.
अकरा दिवसांनी ऊन. डोळ्यांत पाणीच आलं.
धक्क्यावर माणसांची रांग सरकत होती.
मी चेहरे बघितले नाहीत, गळे बघत होतो,
तिसऱ्या बटणाजवळ हिरवा ठिपका दिसतो का.
पण थंडी होती
आणि सगळ्यांनी कोट गळ्यापर्यंत लावलेले.

डबी आता अर्धी झाली.
रात्रपाळीचा सोलोफो घेतो,
घड्या घालणारी मेलचोरा घेते.
रोदेलियोसुद्धा येऊन मनगट पुढे करतो,
त्याला कुठेच भाजलेलं नसतं.
त्यालाही लावतो,
बोटाच्या टोकावर येईल एवढं.